घरच्या सौर प्रकल्पाला बॅटरी जोडताना अनुदान हातचे जाऊ नये म्हणून : नागपूरकरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

छतावरील सौर प्रकल्पासोबत बॅटरी घेतली की तिच्या किमतीतलाही काही वाटा सरकार उचलते, अशा समजुतीने नागपुरात आजही अनेक जण कोटेशनवर सही करतात. घरगुती ग्राहकाला केंद्राचे अनुदान मिळते ते ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजने’तून, आणि तेही फक्त ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, जोडलेल्या सौर क्षमतेवर. बॅटरीसाठी त्यात वेगळा एक रुपयाही नाही. बॅटरी लावायला मनाई नाही; मात्र ती चुकीच्या इन्व्हर्टरसोबत किंवा चुकीच्या क्रमाने लावली, तर पॅनेलवरचे हक्काचे अनुदानही कमी होते किंवा महिनोन्‌महिने अडकून पडते. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षाअखेरपर्यंत, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत आहे, त्यामुळे कागदपत्रांची कामे आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम कटाक्षाने पाळावा.

## टप्पा १ : अनुदान किती आणि कशावर, हे आधी कागदावर मांडा

पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३०,००० रुपये आणि त्यापुढील १ किलोवॅटसाठी १८,००० रुपये, असा दर आहे. म्हणजे १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाला ७८,००० रुपये. पाच किलोवॅटचा प्रकल्प बसवला तरी रक्कम ७८,००० च्या वर जात नाही.

बॅटरी घेणाऱ्यांची सर्वांत महाग चूक याच ठिकाणी होते. अनुदानासाठी प्रकल्पाची क्षमता ठरवताना पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची क्षमता या दोन्हींपैकी जी कमी, तीच धरली जाते. ५४० वॅटची सहा पॅनेल लावली की ३.२४ किलोवॅट होतात आणि पूर्ण ७८,००० रुपये मिळायला हवेत. पण त्यांच्यासोबत पॅनेल, ग्रीड आणि बॅटरी या तिन्हींवर चालणारा २ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर बसवला, तर हिशेब २ किलोवॅटचा होतो आणि १८,००० रुपये जागच्या जागी जातात. हायब्रिड इन्व्हर्टरची क्षमता पुष्कळदा केव्हीएमध्ये सांगितली जाते, हे यातले दुसरे फसवे वळण. ३ केव्हीएचा इन्व्हर्टर ०.८ पॉवर फॅक्टरला (केव्हीएच्या आकड्याला ०.८ ने गुणले की) २.४ किलोवॅटच भरतो, आणि २.४ किलोवॅटचे अनुदान ६७,२०० रुपये होते. म्हणून इन्व्हर्टरच्या तांत्रिक पत्रकावर किलोवॅटमध्ये छापलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांनी आणि महिन्याला १०० युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्यांनी राज्य शासनाची ‘स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप’ योजनाही पाहावी. तीत १ किलोवॅटच्या प्रकल्पाला केंद्राच्या ३०,००० रुपयांखेरीज राज्याची भर मिळते. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकासाठी ती १७,५०० रुपये आहे.

सावधान : ग्रीडशी न जोडता केवळ बॅटरीवर चालणाऱ्या प्रकल्पाला या योजनेत अनुदान नाही. ‘महावितरणची परवानगी लागत नाही, थेट बसवून देतो आणि अनुदानही मिळवून देतो’ असे कोणी म्हणत असेल, तर त्या वाक्याचा दुसरा भाग खरा असू शकत नाही.

## टप्पा २ : बॅटरी कशासाठी हवी, याचा निर्णय

नेट मीटरिंगमध्ये दिवसा जास्तीची तयार झालेली वीज ग्रीडमध्ये जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. म्हणजे साठवणुकीचे काम ग्रीडच करते. त्यामुळे बिल कमी करण्यासाठी बॅटरी घेण्यात घरगुती ग्राहकाचा आर्थिक फायदा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बॅटरीचा खरा उपयोग एकच : लाईन गेल्यावर घर चालू ठेवणे.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. साधा ग्रीड-टाय इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीविना ग्रीडच्या आधारानेच चालणारा, लाईन जाताच काही क्षणांत स्वतःहून बंद होतो, मग डोक्यावर मे महिन्याचे ऊन का असेना. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या छतावरून वीज जाऊन धक्का बसू नये, यासाठीची ही सक्तीची सुरक्षाव्यवस्था आहे. तो बिघाड नव्हे. लाईन नसतानाही पॅनेल कामी यावीत अशी इच्छा असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी या दोन्हींची गरज पडते.

तुमच्या भागात लाईन तास-दोन तासच जात असेल आणि घरात जुना इन्व्हर्टर व लेड-ॲसिड बॅटरी सुस्थितीत असेल, तर ती व्यवस्था जशीच्या तशी राहू द्यावी आणि छतावर साधा ग्रीड-टाय प्रकल्प बसवावा. जुना इन्व्हर्टर घरातल्या लाईनवर चार्ज होत राहतो. ती वीज खांबावरून आली की छतावरून, याने त्याला फरक पडत नाही. अनुदान पूर्ण मिळते आणि मोठा खर्च वाचतो. वादळी पावसानंतर तासन्‌तास लाईन न येणाऱ्या वस्त्यांत, घरात ऑक्सिजन यंत्रासारखे वैद्यकीय उपकरण असेल तेथे, किंवा घरूनच काम चालत असेल तेथे मात्र हायब्रिड व्यवस्थेचा विचार रास्त आहे.

बॅटरीचे माप असे काढावे. लाईन गेल्यावर जी उपकरणे चालायलाच हवीत, केवळ त्यांची यादी करावी. उदाहरणार्थ, दोन पंखे १५० वॅट, पाच एलईडी दिवे ४५, वायफाय १५, टीव्ही ८०, फ्रिज सरासरी ६० आणि एक कूलर १८० वॅट, अशी बेरीज ५३० वॅट होते. चार तासांसाठी २.१२ युनिट लागतील. इन्व्हर्टरमध्ये दहा टक्के वीज वाया जाते असे धरले आणि लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच रिकामी करायची ठरवली, तर सुमारे ३ युनिट, म्हणजे ३ किलोवॅट-तासांची बॅटरी पुरेल. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करणे तिच्या आयुष्याला घातक असल्याने त्याच कामासाठी सुमारे ४.७ युनिट लागतील, म्हणजे १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या.

एसी आणि गीझर या यादीत घेऊ नयेत. एका एसीपायी बॅटरीचा आणि इन्व्हर्टरचाही आकार दुप्पट होतो, आणि अनुदान मात्र तेवढेच राहते.

## टप्पा ३ : नाव, मंजूर भार आणि छत

अर्जाला हात लावण्यापूर्वी वीजबिल समोर घेऊन बसावे.

पहिली बाब म्हणजे नाव. अनुदान ज्याच्या नावे वीजजोडणी आहे त्याच्याच बँक खात्यात जमा होते. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत वीजबिल दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावे असते. बेसा-मनीषनगरकडील पुनर्विक्रीच्या घरांत ते आधीच्या मालकाच्या नावे राहिलेले असते. अशा वेळी प्रथम महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करावा, मालकीचा पुरावा व वारसांची संमती जोडावी, आणि नव्या नावाचे बिल हाती आल्यावरच सौर अर्ज करावा. वीजबिल, आधार आणि बँक पासबुक या तिन्हींवरील नावाचे स्पेलिंग जुळले पाहिजे. वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षरात, एवढ्यानेही दावा अडतो.

दुसरी बाब मंजूर भाराची, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर असलेल्या कमाल वीजभाराची. बिलावर तो किलोवॅटमध्ये छापलेला असतो. वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या प्रकल्पांना तांत्रिक व्यवहार्यता तपासणीविना मंजुरी मिळाल्याचे मानले जाते, आणि गरजेनुसार मंजूर भार वाढवण्याचे काम वीज वितरण कंपनीने करायचे असते. तरीही अर्जातील क्षमता आणि प्रत्यक्ष बसवली जाणारी क्षमता एकच असावी.

तिसरी बाब छताची. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, शेजारच्या इमारतीची भिंत यांची सावली सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत कुठे सरकते ते पाहावे, आणि डिसेंबरमध्ये सावली सर्वाधिक लांबते हे ध्यानात ठेवावे. फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी गच्चीच्या वापराबद्दल अपार्टमेंटच्या असोसिएशनची किंवा सोसायटीची लेखी संमती घ्यावी; तोंडी होकारावर पॅनेल उभी राहिली की वाद तपासणीच्या दिवशी सुरू होतो. स्कीमच्या लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी संस्थेने प्रकल्प बसवल्यास प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे, त्याचा अर्ज स्वतंत्र असतो.

तपासून घ्या : वीजबिलाची थकबाकी शून्य आहे ना? बारा अंकी ग्राहक क्रमांक टिपला ना? याच घरासाठी पूर्वी सौर अनुदान घेतलेले नाही ना?

## टप्पा ४ : राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज

अर्ज पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवरच करावा. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो; दिसायला तशीच असलेली खासगी पाने भरपूर आहेत. राज्य, वीज कंपनी म्हणून महावितरण, ग्राहक क्रमांक, मोबाइल आणि ई-मेल देऊन नोंदणी होते.

मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्यावा. पुष्कळ एजन्सी ग्राहकाचे काम हलके करण्याच्या सद्‌भावनेने संपूर्ण अर्ज स्वतः भरतात, आणि मोबाइल व ई-मेलही आपलाच टाकतात. पुढे एजन्सीशी मतभेद झाले की ग्राहकाला आपल्याच अर्जाची स्थिती पाहता येत नाही. अर्ज त्यांनी भरला तरी हरकत नाही, ओटीपी मात्र तुमच्याच फोनवर यायला हवा.

कर्ज हवे असल्यास याच वेळी जनसमर्थ पोर्टलवरून राष्ट्रीयीकृत बँकेकडे अर्ज करता येतो. बँकेने मंजूर केलेली रक्कम सौर प्रकल्पापुरती आहे की बॅटरीही तीत धरली आहे, हे मंजुरीपत्रात वाचावे.

सावधान : अर्ज मंजूर होण्याआधी आगाऊ रक्कम देऊन पॅनेल चढवून घेऊ नयेत.

## टप्पा ५ : एजन्सीची निवड आणि कोटेशन

योजनेत नोंदणीकृत असलेल्या एजन्सीकडूनच काम झाले पाहिजे; यादी पोर्टलवर आहे. कमीत कमी तीन कोटेशन घ्यावीत आणि प्रत्येकात पुढील बाबी वेगवेगळ्या ओळींत लिहून मागाव्यात.

पॅनेल : देशांतर्गत उत्पादनाच्या अटीत बसणारी, म्हणजे डीसीआर असली पाहिजेत. भारतात जोडलेले पॅनेल एवढे पुरेसे नाही. त्यातील सोलर सेलही भारतात बनलेले असावे लागतात. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त मिळतात आणि त्यांनी प्रकल्प उत्तम चालतो, पण अनुदान शून्य. कोटेशनवर कंपनी, मॉडेल आणि ‘डीसीआर’ हा शब्द, तिन्ही लिहून घ्यावेत.

इन्व्हर्टर : ग्रीडशी जोडता येणारा हायब्रिड, लाईन जाताच ग्रीडपासून अलग होण्याविषयीच्या आयएस १६१६९ या मानकाचे प्रमाणपत्र असलेला, आणि किलोवॅट क्षमता पॅनेलइतकी किंवा जास्त. बॅटरी दोन वर्षांनी घ्यायची असेल तरी हायब्रिड इन्व्हर्टर आताच घेणे शहाणपणाचे, कारण नंतर इन्व्हर्टर बदलायचा म्हणजे तो खर्च संपूर्णपणे तुमचा.

बॅटरी : प्रकार, व्होल्टेज, वापरण्याजोगी क्षमता, हमीची वर्षे आणि हमी चार्जिंग-चक्रांच्या संख्येवर आहे की वर्षांवर, हे सर्व. लिथियम बॅटरीसाठी आयईसी ६२६१९ हे सुरक्षा-प्रमाणपत्र मागावे. ती निवडलेल्या इन्व्हर्टरच्या कंपनीने मान्य केलेल्या बॅटऱ्यांच्या यादीत आहे का, हेही विचारावे. बॅटरीचे नियंत्रण-सर्किट आणि इन्व्हर्टर यांचा मेळ बसला नाही, तर चार्जिंग मध्येच थांबत राहते.

कर : सौर उपकरणांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे, सुट्या बॅटरीवर तो १८ टक्के आहे. सगळे एका ठोक रकमेत गुंडाळलेले कोटेशन परत पाठवावे. सौर प्रकल्पाची आणि बॅटरीची किंमत वेगळी दिसली, तरच अनुदान वजा जाता खिशातून किती जाणार ते कळते.

योजनेनुसार एजन्सीने सौर प्रकल्पाची पाच वर्षे देखभाल करायची असते. बॅटरी त्यात आपोआप येत नाही. तिची देखभाल हवी असेल तर करारात तसे एक वाक्य घालून घ्यावे.

सावधान : ‘अनुदान वजा करून उरलेलेच द्या, बाकी आम्ही सरकारकडून घेतो’ असा प्रस्ताव स्वीकारू नये. स्वतः पैसे भरून घेतलेल्या प्रकल्पाचे अनुदान ग्राहकाच्याच खात्यात येते.

## टप्पा ६ : उभारणी, विशेषतः नागपूरच्या उन्हाचा विचार

पॅनेल दक्षिणाभिमुख आणि साधारण २१ अंश कलती असावीत, कारण नागपूरचे अक्षांश तेवढेच आहेत. सांगाड्याविषयी तडजोड करू नये : भारतीय मानकानुसार नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला जातो. एप्रिल-मेमधील वावटळी आणि अवकाळी वादळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही. सांगाडा गरम जस्तलेपाचा असावा आणि त्याचे पाय स्लॅबमध्ये पक्के बसवून तेथे वॉटरप्रूफिंग करून घ्यावे.

मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असताना पॅनेलच्या आतले तापमान ७० अंशांपर्यंत जाते. प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे ०.३५ टक्के या हिशेबाने, २५ अंशांच्या मानक स्थितीपेक्षा जवळपास सोळा टक्क्यांपर्यंत वीज कमी मिळते. म्हणून पॅनेल पत्र्याला किंवा स्लॅबला चिकटवू नयेत. खालून हवा खेळू द्यावी.

बॅटरीसाठी उष्णता याहून घातक आहे. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे जवळपास निम्मे होते, आणि लिथियम बॅटरी ठरावीक तापमानापुढे चार्ज होणेच बंद करते. गच्चीवरची पत्र्याची खोली, जिन्याखालची पश्चिमेची भिंत आणि बंद कपाट या तिन्ही जागा टाळाव्यात. तळमजल्यावरची, सावलीतली, हवा खेळती असलेली खोली निवडावी. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे देवघराजवळ, जेथे दिवा किंवा उदबत्ती जळते, किंवा स्वयंपाकघराजवळ ती ठेवू नये. झोपायच्या खोलीत कोणतीच बॅटरी नको.

वायरिंग करताना बॅकअपवरील उपकरणांसाठी वेगळा डीबी (वीज वाटपाची पेटी) बसवावा आणि त्याचा न्यूट्रलही वेगळा काढावा. जुन्या घरांत सगळ्या खोल्यांचा न्यूट्रल एकत्र असतो. तो तसाच ठेवला तर लाईन गेल्यावर आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) वारंवार पडते आणि दोष बॅटरीला दिला जातो. पॅनेलची बाजू, घराची बाजू आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा लाइटनिंग अरेस्टर यांसाठी तीन स्वतंत्र अर्थिंग असावेत.

तपासून घ्या : एजन्सीची माणसे निघण्याआधी मेन स्विच बंद करून पाहावा. ठरलेली उपकरणे चालू राहतात का? बाकीची बंद होतात का? प्रत्येक पॅनेलच्या मागील अनुक्रमांकाचा फोटो घेतला का? हे क्रमांक पोर्टलवर चढवलेल्या क्रमांकांशी जुळावे लागतात.

## टप्पा ७ : तपासणी आणि नेट मीटर

काम पूर्ण झाल्यावर एजन्सी पोर्टलवर तपशील भरते. त्यात ग्राहकासह प्रकल्पाचा स्थाननोंद असलेला फोटोही लागतो. त्यानंतर महावितरणचे अभियंता पाहणी करतात, नेट मीटर लागतो आणि प्रकल्प कार्यान्वित झाल्याचा अहवाल पोर्टलवर येतो.

तपासणीच्या दिवशी मंजूर अर्जात नोंदवलेलाच इन्व्हर्टर भिंतीवर असला पाहिजे. मधल्या काळात मॉडेल बदलले असेल, तर आधी पोर्टलवर दुरुस्ती करून घ्यावी. बॅटरी जोडलेली असल्यास ती लपवू नये. तिच्यातील वीज ग्रीडमध्ये न सोडण्याची सेटिंग इन्व्हर्टरमध्ये केली आहे, हे दाखवता आले पाहिजे. नेट मीटर लागण्यापूर्वी प्रकल्प चालू करू नये, कारण काही साधे मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणून मोजतात आणि बिल वाढून येते.

## टप्पा ८ : अनुदानाचा दावा

कार्यान्वयनाचा अहवाल आल्यावर पोर्टलवर बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश चढवून अनुदानाची मागणी नोंदवावी लागते. ही पायरी आपोआप होते असे समजून अनेक जण थांबून राहतात. मागणी नोंदवल्यावर साधारण ३० दिवसांत रक्कम जमा होणे अपेक्षित असते.

ती आली नाही तर प्रथम पोर्टलवरील स्थिती वाचावी. नाव न जुळणे, खाते निष्क्रिय असणे, पॅनेलच्या क्रमांकातील चूक, ही नेहमीची कारणे आहेत; ती आधी दुरुस्त करून घ्यावीत. त्याने भागले नाही तर योजनेच्या १५५५५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

नेट मीटर, तपासणी किंवा बिलातील युनिटांचा प्रश्न असेल, तर तो महावितरणच्या आपल्या उपविभागीय कार्यालयात लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तेथे दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्याच्या आदेशानंतर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपाल, असा मार्ग आहे; लोकपालांचे एक कार्यालय नागपुरातच आहे. बॅटरीच्या हमीचा किंवा एजन्सीच्या कामाचा वाद मात्र या यंत्रणेत बसत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते, आणि तेथे ओळीनिहाय कोटेशन, करार, जीएसटीचे बिल आणि बॅटरीवरील अनुक्रमांकाचा फोटो हीच कागदपत्रे प्रथम मागितली जातात.